कवकविषे, ज्वारीवरील
काही बुरशी धान्यात वाढताना जी विषारी द्रव्ये तयार करतात, त्यांना कवकविषे म्हणतात. आष्टीसह (जि. वर्धा) विदर्भात त्यांचा प्रश्न मुख्यतः खरीप ज्वारीशी निगडित आहे. जुने गावठी वाण पाऊस सरल्यावर दाणा भरत. सीएसएच-१ (१९६४) व नंतरचे संकरित वाण लवकर पक्व होतात, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस कणसांवर पडतो. मग फ्युजॅरियम, कर्व्ह्युलॅरिया इ. बुरशींनी दाणा काळा-गुलाबी पडतो. काणी हा रोग वेगळा. त्याच्याशी गल्लत करू नये. संकरित वाणांनी उत्पन्न वाढले, काळ्या पडलेल्या दाण्याचा मात्र भाव पडला. खरिपाची ज्वारी मागे सरून सोयाबीन पुढे आले, त्यामागचे हेही एक कारण.

काळी ज्वारी म्हणजे विषारी ज्वारी, असे सरसकट म्हणता येत नाही. उलट स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकते. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत पावसात भिजलेली ज्वारी व मका खाल्ल्याने पोटदुखी व जुलाबांची साथ आली. ती फ्युमोनिसिन या कवकविषामुळे असल्याचे आढळले. ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशीचे अफ्लाटॉक्सिन अधिक घातक असून त्याने यकृताचा कर्करोग होतो. ते भुईमूग व मक्यात जास्त आढळते. भाकरी भाजल्याने ते पुरते नष्ट होत नाही. दूषित पेंड खाणाऱ्या जनावराच्या दुधातही त्याचा अंश उतरतो. भारतात अन्नधान्यातील अफ्लाटॉक्सिनची कमाल मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम आहे.

वेळेवर कापणी, कणसे उन्हात वाळवणे आणि दाण्यातील ओलावा सु. १२ टक्क्यांखाली आणूनच पोती भरणे, हे प्रमुख उपाय होत.