पोथी राहिली, वाचणारा गेला

माझ्या फोनवर १९८७ सालचा ‘मॅनिअॅक मॅन्शन’ हा गेम मस्त चालतो. मूळचा तो कमोडोर ६४ या संगणकासाठी केलेला. रॉन गिल्बर्ट आणि लुकासफिल्म गेम्समधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी एक अवजार घडवलं: स्कम. (इंग्रजीत स्कम म्हणजे पाण्यावरचा घाण तवंग. काय नाव आहे!) कोण कुठे जातं, दार कशाने उघडतं, हे स्कमच्या स्क्रिप्टमध्ये लिहायचं, ती वाचून पडद्यावर घडवायचं काम इंटरप्रिटर या वेगळ्या प्रोग्रॅमचं. पोथी वेगळी, वाचणारा वेगळा.

पुढे संगणक बदलले, जुना वाचणारा निकामी झाला. पोथी मात्र डिस्कवर तशीच. २००१मध्ये लुडविग स्ट्रिगिअस या स्वीडिश प्रोग्रॅमरने नवा वाचणारा लिहायला घेतला: स्कमव्हीएम. मूळ कोड हाताशी नसताना, जुना प्रोग्रॅम उकलत. नवा कोड खुला असल्याने जगभरचे चाहते त्यात अजून भर घालतात. गेम मात्र तुमच्याकडे असायला हवा. तो ते वाटत नाहीत, आणि मला हे रास्त वाटतं. रेव्होल्यूशन कंपनीने तर ‘बिनीथ अ स्टील स्काय’चा कोड त्यांना आपणहून दिला आणि १९९४चा हा गेम २००३मध्ये मोफतही केला. सुरुवात त्यापासून करा. रात्र जाईल.