महाव्याधीवरील लशीची कुळकथा

दासगणूंच्या ‘गजानन विजय’ ग्रंथातील सवडदच्या गंगाभारती गोसाव्याची हकीकत शेगावात घरोघरी ठाऊक असते. महाव्याधीने, म्हणजे कुष्ठरोगाने, ग्रासलेल्या त्या गोसाव्यास संसर्गाच्या भयाने लोक गजानन महाराजांच्या जवळ जाऊ देत नसत. ज्या जंतूपायी या भयाचा अंमल साऱ्या मुलुखावर होता, तो नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये, म्हणजे महाराज शेगावी प्रकट होण्यापूर्वी पाच वर्षे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. तथापि तो कोणत्याही अन्नद्रावात वाढावयास राजी होईना, आणि जो जंतू वाढविता येत नाही त्याची लस तरी कशी करावी?

या अडचणीस ज्या विदुषीने हात घातला, त्या डॉ. कमल रणदिवे पुण्याच्या समर्थांच्या कन्या. एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशी अभ्यासल्या. पुढे मुंबईस डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगाकडे वळून १९४९ मध्ये पीएच.डी. मिळविली, आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात देहाबाहेर पेशी जिवंत राखण्याची विद्या आत्मसात करून परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात (आयसीआरसी) देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. ही विद्या म्हणजे व्रतच: उष्णतामान ढळता कामा नये, बुरशीचा कणही शिरता कामा नये, अन्नद्राव वेळच्या वेळी बदललाच पाहिजे. लशीचे मूळस्थान मी येथेच मानतो. कारण कुष्ठाचा जंतू मज्जातंतूंत घर करतो हे ध्यानी घेऊन, मानवी गर्भाच्या चेतापेशींच्या संवर्धनात रुग्णाच्या देहातील जंतू सोडून, रणदिवे, त्यांचे सहकारी बापट आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये एक जंतू वाढवून दाखविला.

तो प्रत्यक्ष कुष्ठजंतू नसून त्याच्या दूरच्या भाऊबंदांपैकी आहे, असे पुढे ठरले. यावरून ते श्रम वाया गेले असे कोणी म्हणेल, तर ते मला सर्वथा अमान्य आहे. कारण या भाऊबंदाच्या परिचयाने देहाची संरक्षक यंत्रणा खऱ्या कुष्ठजंतूसही ओळखू लागते, आणि याच गुणाच्या आधारे डॉ. माधव देव यांनी १९७९ च्या सुमारास मुंबईतच, गॅमा किरणांनी ते जंतू निर्जीव करून, ‘आयसीआरसी’ लस सिद्ध केली. तमिळनाडूत चेंगलपट्टूच्या परिसरात १९९१ पासून एक लाख सत्तर हजारांहून अधिक लोकांवर जी तुलनात्मक चाचणी झाली, तिचा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला: बीसीजी या क्षयरोगावरील लशीने सुमारे ३४ टक्के, तर आयसीआरसी लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले होते.