दंडाचं लुगडं

बालगंधर्वांच्या शालूंबद्दल मराठीत भरपूर लिहून झालं आहे. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि पुढं कितीतरी वर्षं शहरातल्या घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या. मंडळी कर्जात गेली, पण बालगंधर्वांच्या अंगावरचं वस्त्र हलकं झालं नाही. त्यांचं ठीक होतं. पण विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं, तिथून पुढं गावोगावी जे पुरुष सीता झाले, द्रौपदी झाले, तारामती झाले, त्यांची लुगडी कुठून आली? त्यातल्या कुणाच्या घरी शालू नव्हता. कुणाच्या घरी तर बायकोचीच दोन लुगडी, एक अंगावर आणि एक दोरीवर.

आमच्या माणदेशात जत्रेला नाटक व्हायचं. बाईचं काम मी अठराव्या वर्षापासून केलं. माझ्या आधी गल्लीतले एक तात्या करायचे. ते सांगायचे, लढाईच्या दिवसांत, म्हणजे १९४३च्या आसपास, कापडावर कंट्रोल आलं आणि नाटकाला लुगडं उसनं मिळेना. एरवी भावजया द्यायच्या, तोंड वाकडं करून का होईना. सफेत्याचे डाग पडायचे, घामानं काठाचा रंग उतरायचा, गॅसबत्तीची काजळी लागायची. वर लुगड्याला महिनाभर विडीचा वास. कंट्रोलात मात्र कुणी चिंधीसुद्धा देईना. तेव्हा तात्यांनी बोहारणीच्या गाठोड्यात हात घातला. आमच्याकडच्या नाटकाला बोहारणीचा आधार मिळाला तो असा.

तमाशात ही वाट त्याहून जुनी. पवळाबाई फडात उभ्या राहिल्या त्याच्या आधी नाचणारा तो पोऱ्याच असायचा. बायका आल्या तरी गौळणीतली मावशी पुरुषाचीच राहिली, आजही आहे. मावशीला नवं कोरं लुगडं शोभतही नाही. तिला विटकं पाहिजे, आखूड पाहिजे, पदराला भोक असलं तर आणखी चांगलं. ते विकत घ्यायचं तर जुन्याच्या ढिगातूनच.

बोहारणीचा धंदा लोकांना अर्धाच माहीत असतो. दारात येते, जुने कपडे घेते, पातेलं देते आणि घासाघीस करताना भांडते, एवढंच बायकांनी बघितलेलं. त्यानंतरची कामं आपल्या नजरेआड होतात. कपडे निवडायचे, धुवायचे, उसवलेलं शिवायचं, इस्त्री फिरवायची. चांगला माल जुन्या बाजारात जातो, मधला आठवडी बाजारात, आणि उरलेल्याच्या चिंध्या पुसायला आणि गोधड्यांना. पुण्यात मंगळवार पेठेजवळ बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मी पहिल्यांदा तिथं १९७४ साली गेलो. लोखंडी पाने, रेडिओ, चपला ओलांडून पुढं गेलं की ताडपत्रीवर साड्यांचे ढीग. बाया उकिडव्या बसून उपसत असायच्या. मीही बसलो.

ढिगात काय बघायचं हे तात्यांनी शिकवलं होतं. साडी उन्हाकडं धरायची. पदर आणि काठ शेवटपर्यंत टिकतात, विरते ती मधे, बसायच्या जागी. म्हणून गाठोड्यात बरीचशी लुगडी दंडाची असतात, म्हणजे मधला विरलेला भाग कापून दोन धड तुकडे जोडलेले. घरात नेसायला बाया ते घेतात, पण चारचौघांत दंड दिसला तर कमीपणा वाटतो. आम्हाला त्याचं काय? जोड निऱ्यांत दडवता येतो, आणि बत्तीच्या उजेडात पाच हातांवरून काठच तेवढा दिसतो. दंडाचं इरकली लुगडं मी बारा रुपयांत घेतलंय, आमसुली, टोपपदराचं. खऱ्या जरीची आशा मात्र धरायची नाही. ती ढिगापर्यंत येतच नाही, जुनी जर घेणारे वाटेतच उचलतात आणि जाळून चांदी काढतात. आणि ज्या साडीला हळदीकुंकवाचे डाग तशीच घडी असेल ती मी ठेवून द्यायचो. मेलेल्या बाईची असेल, असं कुणीसं डोक्यात घातलं होतं. बाजारातल्या बाया मला हसायच्या.

लुगड्याची एक थोरवी आहे, ते कुणालाही होतं. नऊ वार कापड, शिलाई नाही, माप नाही. रुंद खांद्याचा गडी नेसला तरी पुरून उरतं. अडतं ते चोळीपाशी. जुन्या ढिगातलं झंपर पुरुषाच्या दंडावर चढत नाही आणि पाठीत उसवतं. शिंप्याकडं माप द्यायला जावं तर दुकानात गावातली चार टाळकी बसलेली. मग एकच इलाज. एकाच खणाची दोन झंपरं शोधायची, एक उसवायचं आणि त्याच्या कळ्या दुसऱ्याच्या बगलेत घालायच्या. माझं शिवण त्यामुळं सुधारलं.

आता जे सांगायचं ते सांगतो. नाटक वर्षातून एक रात्र. मी जुन्या बाजारात जात होतो वर्षातून पाच-सहा वेळा. १९८० नंतर गावात व्हिडिओ आला, जत्रेचं नाटक बंद पडलं, तरी मी जातच होतो. दार लावून, आरसा भिंतीला टेकवून, मी नेसायचो. प्रेक्षक कुणी नाही. तासभर तसाच बसायचो, कधी तांदूळ निवडायचो. मग घडी करून ट्रंकेत. त्याला काय म्हणायचं याची मला कधी गरज पडली नाही.

नव्या दुकानात हे जमलं नसतं. तिथं गादीवर बसवतात, चहा सांगतात आणि विचारतात, "वहिनींचा रंग कसाय? गोऱ्या की सावळ्या?" जुन्या बाजारातल्या बाईनं मला वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, कुणासाठी. एकदा फक्त, मी गोल साडी हातात घेतली तेव्हा म्हणाली, "ही नको भाऊ, उंचीला कमी पडंल." मी मान खाली घालून पैसे दिले, दुसरीचे.

या गप्प बसण्याची किंमत कळायला बाहेरचं जग आठवावं. कोल्हापूरचे गणपत पाटील संसारी माणूस, मुलाबाळांचे बाप. तमाशापटात त्यांनी नाच्या इतका हुबेहूब केला, की लोकांनी पडद्यावरचंच खरं धरलं आणि त्याचा जाच घरच्यांना झाला. ते तर पोटासाठी रंग लावत होते. माझ्यासारख्याला गावानं काय केलं असतं?

ट्रंक माझ्या मंडळींनी उघडली ती १९८८च्या दिवाळीत, साफसफाई करताना. मी रानात होतो. आलो तर बाजेवर सात लुगडी मांडलेली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ही नाटकातली?"

"दोन नाटकातली."

"आन् बाकीची?"

मी काही बोललो नाही. तिनं एक उचललं, बोटांनी दंड चाचपला.

"शिवण तुमचीच दिसतीय. टाका बारीक हाय."

त्या रात्री आम्ही जेवलो, झोपलो. आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मला वाटलं, आता माहेरी कळवणार. तिनं कळवलं नाही. कुणालाच नाही. पुढं एक दिवस बोहारीण दारात बसलेली, हिनं माझ्या जुन्या विजारी आणि पोरांचे सदरे पुढं टाकले, आणि पातेलं परत सारून तिच्याच गाठोड्याकडं बोट केलं. "भांडं नको. ते हिरवं दाव."

बोहारीण म्हणाली, "बाई, हे तुमाला लांब हुतंय."

"हूंदे," ती म्हणाली, आणि उन्हाकडं धरून बघू लागली.