चौथी झडप

नाडी मोजण्याचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी वर्गात करून घेतलेला असतो. मिनिटाला साधारण 72 ठोके, हे उत्तर फळ्यावर लिहिले की तास संपतो. आज तोच गुणाकार थोडा पुढे नेऊ. दिवसाचे ठोके होतात एक लाखाच्या वर, वर्षाचे सुमारे 3 कोटी 78 लाख आणि चाळीस वर्षांचे दीडशे कोटी. प्रत्येक ठोक्याला हृदयातल्या चारही झडपा एकदा उघडतात आणि एकदा मिटतात. विशीतल्या मुलीच्या हृदयात आपण माणसाने बनवलेली झडप बसवणार असलो, तर ती निदान एवढ्या वेळा न चुकता उघडली-मिटली पाहिजे. ती मोडली तर बदलायला वेळ मिळेलच असे नाही. काही वेळा तासाभराचीही सवड नसते.

विशीतली मुलगी हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले. श्रीमंत देशांत झडपेचा विकार हा बव्हंशी उतारवयाचा आजार. आपल्याकडे मात्र तो अनेकदा शाळेच्या वयातच सुरू होतो. स्ट्रेप्टोकोकस या जीवाणूंनी घसा सुजतो आणि बराही होतो. पण काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात. हाच ऱ्हुमॅटिक ताप. जीवाणूंविरुद्ध उभी राहिलेली शरीराची संरक्षक फळी स्वतःच्याच हृदयावर उलटते. सांध्यांची सूज पूर्ण ओसरते, पण झडपांवरचे व्रण मागे राहतात. पुढे डावी कर्णिका आणि डावी जवनिका यांमधली झडप अरुंद होते किंवा गळू लागते आणि मुलाला जिना चढताना दम लागतो. घसादुखीवर वेळीच पेनिसिलिन मिळाले तर हे टळू शकते. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. ते स्वस्त आहे, पण नियमितपणा राखणे कठीण. आमच्या मते कृत्रिम झडप ही या जिन्याची शेवटची पायरी आहे. पण ज्यांच्या खालच्या पायऱ्या हुकल्या त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

कृत्रिम झडपेचा पहिला प्रयत्न 1952 सालचा. अमेरिकी शल्यविशारद चार्ल्स हफनागेल यांनी पिंजऱ्यात बसवलेला प्लॅस्टिकचा गोळा रुग्णाच्या महारोहिणीत, म्हणजे हृदयाच्या बाहेर बसवला. रुग्णाजवळ उभे राहिले तर त्याची टिकटिक ऐकू येई. हृदय थांबवून प्रत्यक्ष आत झडप बसवणे जमले ते 1960 मध्ये. अल्बर्ट स्टार हे डॉक्टर आणि लोवेल एडवर्ड्स हे निवृत्तीला आलेले अभियंते यांची ती जोडी होती. 1969 मध्ये गोळ्याच्या जागी तिरकी कलणारी चकती आली. धातूचे कडे, त्याला आतून दोन छोट्या कमानी आणि त्यांच्यामध्ये सैल बसलेली चकती, अशी तिची रचना. रक्ताला वाट अधिक मोकळी मिळते, जागा कमी लागते. या नमुन्याचे नाव बियॉर्क-शायली.

हफनागेल यांच्या हाताखाली काम केलेले एक शल्यविशारद भारतात परतले होते. त्यांचे नाव एम. एस. वलियाथन. 1974 मध्ये त्यांनी त्रिवेंद्रमला नव्या संस्थेची सूत्रे हाती घेतली. तीच आजची श्री चित्रा तिरुनाल संस्था. शस्त्रक्रिया करता येत होत्या, पण झडपा परदेशातून येत आणि त्यांची किंमत बहुतेक रुग्णांच्या आवाक्याबाहेर होती. शस्त्रक्रिया येते पण झडप नाही, या अवस्थेतला डॉक्टर काय करणार? वलियाथन यांनी झडप इथेच बनवायचे ठरवले. त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेल्या सॅटेलमंड राजवाड्यात संस्थेचा तंत्रज्ञान विभाग उभा राहिला. जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारखे अभियंते, धातुतज्ज्ञ आणि पशुवैद्य तिथे एकत्र आले. रुग्णालय आणि कार्यशाळा एकाच संस्थेत असणे ही गोष्ट त्या काळी फार दुर्मीळ होती.

पहिल्या नमुन्यात कमानी कड्याला वेल्डिंगने जोडल्या होत्या. जोडाजवळ कमान तुटली. लोखंडी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून तोडण्याचा खेळ मुले करतात. एका वेळच्या जोराने न तुटणारी तार अनेक वेळच्या थोड्या जोराने तुटते. धातूचे हे थकणे वेल्डच्या जागी लवकर गाठते, कारण वितळून पुन्हा थिजलेला धातू आजूबाजूच्या धातूसारखा राहत नाही, ठिसूळ होऊ शकतो.

दुसऱ्या नमुन्यात कडे टायटॅनियमचे आणि चकती नीलमण्याची होती. नीलमण्याचे नाव ऐकून दागिन्यांच्या दुकानाची आठवण होईल. पण कारखान्यात वाढवलेला नीलम म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा एकसंध स्फटिक. काठिण्यात हिऱ्याच्या खालोखाल, रक्ताशी सलोखा राखणारा. परदेशी झडपांत चकतीसाठी खास प्रकारचा कार्बन वापरत, त्याचे तंत्र तेव्हा आपल्याकडे नव्हते. तेव्हा ही निवड चांगलीच विचारपूर्वक केलेली होती. घात झाला तो जोडीदारामुळे. कठीण चकतीने मऊ टायटॅनियमच्या कमानी झिजवल्या. झिजेचा वेग पाहता झडप पुरेशी वर्षे टिकली नसती.

मग तिसरा नमुना. चकती तीच, पण कडे हेन्स-25 या मिश्रधातूचे. कोबाल्ट, क्रोमियम, टंगस्टन आणि निकेल यांचा हा धातू विमानांच्या इंजिनांसाठी तयार झालेला. झीज आटोक्यात आली. झडप मेंढ्यांच्या हृदयात बसवून पाहणे सुरू झाले आणि एका मेंढीत चकतीच फुटली. कठीण आणि चिवट हे दोन वेगळे गुण आहेत, हे आम्ही पदार्थविज्ञानवाले पहिल्या वर्षापासून शिकतो. खडू आणि तांब्याची तार दोन्ही वाकवून पाहा. तार आधी वाकते. खडू काही न कळवता तुटतो. नीलमही तसाच, त्यात बारीकशी चीर असली तर ती एका क्षणात आरपार जाते.

इतकी वर्षे घालवल्यावर तिसऱ्यांदा हे घडले. काम बंद करावे, असा सल्ला कोणी दिला असता तर तो गैर म्हणता आला नसता. गटाने रचनेचा प्रत्येक भाग पुन्हा तपासायला घेतला आणि चकतीसाठी वळला तो चक्क प्लॅस्टिककडे. अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन, म्हणजे आपल्या पिशव्यांच्या पॉलिथिनचाच भाऊबंद, पण त्याच्या रेणूंच्या साखळ्या कितीतरी पट लांब. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी 1962 पासून कृत्रिम खुब्यासाठी हेच वापरले होते. (त्याआधी त्यांनी टेफ्लॉन वापरले होते. ते काही वर्षांतच झिजले आणि रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.) हे प्लॅस्टिक मऊ आहे, पण चिवट आहे, आणि मिटताना आवाजही कमी करते. कडे आणि कमानी हेन्स-25 च्या एकाच ठोकळ्यातून कोरल्या. वेल्ड कुठेही नाही. शिवण्यासाठी भोवती पॉलिएस्टर कापडाची कड.

आता दीडशे कोटी ठोक्यांचा प्रश्न. चाळीस वर्षे थांबून कोणी पाहू शकत नाही. म्हणून झडप द्रवात ठेवून यंत्राने भराभर उघड-मीट करतात. समजा, सेकंदाला 12 वेळा. मग वर्षभरात दहा वर्षांचे आयुष्य काढून होते. त्यानंतर झीज मोजतात, मग मेंढ्या, आणि मगच माणूस. 6 डिसेंबर 1990 रोजी चित्रा झडप पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. पुढे देशातल्या निरनिराळ्या रुग्णालयांत मिळून 300 हून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून टीटीके या उद्योगसमूहाने तिचे व्यापारी उत्पादन सुरू केले, आणि आजवर एक लाखाहून अधिक झडपा बसवल्या गेल्या आहेत.

याच सुमारास पश्चिमेत काय चालले होते ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. बियॉर्क-शायली झडपेची सुधारित आवृत्ती 1979 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तिची एक कमान वेल्ड केलेली होती. ती तुटू लागली, पण मेंढ्यांमध्ये नव्हे, माणसांमध्ये. 1986 मध्ये झडप बाजारातून काढून घेईपर्यंत जगभरात सुमारे 86,000 जणांना ती बसवून झाली होती. सहाशेहून अधिक झडपा मोडल्याची नोंद आहे. त्यांतले बरेच रुग्ण दगावले. ज्यांची झडप शाबूत होती त्यांच्यापुढे भयंकर पेच होता. ती काढायची शस्त्रक्रिया धोक्याची, न काढावी तर रोज धास्ती. अमेरिकेत तेव्हा अशा उपकरणांसाठी कायदा होता. आपल्याकडे कृत्रिम झडपा औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आल्या त्या 2005 मध्ये. म्हणजे त्रिवेंद्रमच्या गटाला तीन नमुने टाकून द्यायला कोणी भाग पाडले नव्हते. जोड तुटण्याचा तोच दोष त्यांच्याकडेही होता, पण तो रुग्णापर्यंत पोचायच्या आत पकडला गेला.

चित्रा झडपेबद्दल अभिमान बाळगताना एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. ती आली तोवर इतरत्र दोन पाकळ्यांच्या झडपांकडे कल वळला होता. आणि कोणतीही यांत्रिक झडप असो, तिच्यावर रक्त गोठू पाहते. म्हणून रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी होऊन चकती अडकते किंवा गुठळी मेंदूत जाते. जास्त झाली तर रक्तस्राव. मात्रा बरोबर आहे की नाही हे कळायला वरचेवर रक्त तपासावे लागते. ही सोय तालुक्याच्या गावी नसली, तर दर खेपेला एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची. दीडशे कोटी वेळा उघडमीट करू शकणारी झडप आत असली, तरी रुग्ण किती जगेल हे पुष्कळदा या खेपांवर ठरते.