पवनारची कुदळ: विनोबांच्या शरीराचा इतिहास

कन्हानहून जबलपूर रस्त्याने उत्तरेकडे निघाले की मनसर लागते. तेथील उत्खननात वाकाटककालीन भव्य अवशेष उघडे पडले आणि दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी ‘प्रवरपूर’ नेमकी कोठे होती, हा जुना वाद पुन्हा रंगला. या वादातला दुसरा दावेदार म्हणजे वर्ध्याजवळचे, धाम नदीकाठचे पवनार. पवनार हेच प्रवरपूर, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने तेथे उत्खननही केले.

त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी पवनारच्या टेकडीवर एक गृहस्थ रोज जमीन खोदत होते. त्यांना वाकाटकांशी काही कर्तव्य नव्हते. त्यांना स्वतःचे शरीर वाचवायचे होते.

१९३८ साली विनोबा भावे ४२ वर्षांचे होते. नालवाडीतील अखंड सूतकताई, तुटपुंजा आहार आणि कामाचा ध्यास यांनी शरीर पार खंगले होते. वजन ८८ पौंडांवर, म्हणजे ४० किलोवर आले होते. गांधीजींनी बोलावून विश्रांतीचा आग्रह धरला. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचीही चर्चा झाली. विनोबांनी निवडले ते पवनार. जमनालाल बजाजांचा तेथे एक बंगला रिकामा होता. धामवरचा पूल ओलांडताना त्यांनी आश्रमाच्या साऱ्या व्यापांचा मनोमन संन्यास केला आणि मग उपचार सुरू झाला: मोकळी हवा, चिंतामुक्त मन आणि कुदळ.

या उपचारात पाहण्यासारखे काही असेल तर ते त्याचे प्रमाण. पहिल्या दिवशी खोदकाम काही मिनिटांचेच. मग दररोज थोडी वाढ, आणि मध्ये मध्ये विसावा. काही महिन्यांत वजन चांगलेच वाढले. याच खोदकामात भूमीतून भरत-राम भेटीचे म्हणून ओळखले जाणारे प्राचीन शिल्प निघाले. ते आजही आश्रमात आहे. प्रकृतीसाठी मारलेल्या कुदळीला वाकाटकांचा वारसा लागावा, हा योग विदर्भातच जुळून येऊ शकतो!

येथे एक खुलासा हवा. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मवेळचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांच्या आसपास होते. त्याचा अर्थ तिशीत माणूस म्हातारा होई, असा नव्हे. बालमृत्यूंचे प्रमाण भयंकर होते आणि ते सरासरीला खाली ओढत असे. बालपण ज्याने ओलांडले, त्याला साठी-सत्तरी गाठणे अशक्य नव्हते. खरा प्रश्न असे तो त्या वयात हातपाय चालते राहण्याचा.

विनोबांचे हातपाय कसे चालले, याची नोंद साऱ्या देशाने घेतली. मार्च १९५१ मध्ये ते सर्वोदय संमेलनासाठी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला निघाले, ते पायीच. १८ एप्रिलला पोचमपल्लीत पहिले भूदान मिळाले. सप्टेंबरमध्ये नियोजन आयोगाशी चर्चा करण्यासाठी ते पवनारहून दिल्लीला गेले, तेही पायी. तेथून पुढे १९६४ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे वयाच्या ५५ व्या वर्षापासून ६८ व्या वर्षापर्यंत, हा माणूस चालत राहिला. दिवसाला दहा-बारा मैल, तेही आतड्यातील व्रण सांभाळून. पहाटे तीनच्या सुमारास उठणे, कंदिलाच्या उजेडात वाट धरणे, ऊन चढण्याआधी मुक्काम गाठणे, मुख्यतः दूध-दह्याचा बेताचा आहार, रात्री लवकर निजणे. गाव रोज बदले, दिनक्रम बदलत नसे. यातले काहीही ‘व्यायाम’ या नावाने होत नव्हते. शरीरश्रम आणि अस्वाद ही आश्रमाच्या एकादश व्रतांपैकी दोन व्रते. आरोग्य हे त्यांचे उपफळ.

योगायोग असा की त्याच काळात, १९५३ साली, लंडनमध्ये जेरी मॉरिस यांचे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असे, तर वाहक दिवसभर जिने चढे-उतरे. समाजस्तर बराचसा सारखा, पण हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये कमी. रोजच्या कामातली हालचाल हृदयाचे रक्षण करते, या विचाराचा पाया तेथे घातला गेला. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले. हा पुरावा नव्हे, पण सांगण्याचा मोह आवरत नाही.

मग कष्टाने आयुष्य वाढते, असे म्हणावे काय? कन्हान-कामठी पट्ट्यातील कोळसा खाणींचा परिसर ठाऊक असलेला कोणीही असे म्हणायला धजणार नाही. खाणकामगाराचे श्रम विनोबांच्या खोदकामाहून कितीतरी अधिक. परंतु त्यांचे प्रमाण तो स्वतः ठरवत नाही, विसावा पाळीच्या भोंग्यावर मिळतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर धूळ आत जाते. पवनारला गुण आला तो मोजून केलेल्या श्रमाचा, मोकळ्या हवेचा, पुरेशा दुधाचा आणि चिंता बाजूला ठेवण्याच्या मुभेचा. ती मुभा फार थोड्यांना होती. पदयात्रेतही सोबत्यांचा मेळा होता आणि गावोगावी मुक्कामाची व्यवस्था होती. विनोबांच्या दीर्घायुष्याचे गोडवे गाताना हा भाग बहुधा गाळला जातो.

गाळला जाणारा दुसरा भाग चांडीलचा. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारच्या पदयात्रेत विनोबांना घातक हिवतापाने गाठले. त्यांनी औषध नाकारले. प्रकृती झपाट्याने ढासळली. डॉक्टर हतबल, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांपासून पंतप्रधान नेहरूंपर्यंत सर्वांचा आग्रह. अखेरीस त्यांनी औषध घेतले आणि ताप उतरला. पुढची अकरा-बारा वर्षांची पायपीट त्या औषधामुळेच घडू शकली. पहाटे उठणे आणि मिताहार यांनी हिवतापाचा परजीवी मरत नाही. सवयींचा महिमा सांगणाऱ्याने एवढे तरी मान्य केले पाहिजे.

१९५९ मध्ये विनोबांनी पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तेथे नोकर नाहीत. शेती, स्वयंपाक, सफाई ही कामे भगिनी आपापसांत वाटून घेतात, आणि वय झालेल्यांच्या वाट्याला त्यांच्या शक्तीप्रमाणे काम येते. वृद्धत्वाच्या अभ्यासकांनी विनोबांपेक्षा या भगिनींकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते. एकटा पुरुष ८७ वर्षे जगला तर तो अपवाद म्हणून सोडून देता येतो. पण अनेक जणी उतारवयातही हातचे काम न सोडता एकत्र राहतात, ही जीवनरीत झाली.

१९७० मध्ये विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला आणि पवनार सोडणे थांबवले. अंगणातला कचरा वेचणे हे त्यांचे नित्यकर्म झाले. नोव्हेंबर १९८२ च्या सुरुवातीला त्यांना हृदयविकाराचा झटका आला. उपचारांनी थोडा उतार पडला होता. तरीही त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही बंद केले. पंतप्रधान इंदिरा गांधी येऊन भेटून गेल्या. या वेळी मात्र चांडीलची पुनरावृत्ती झाली नाही. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, त्यांचे देहावसान झाले. अंत्यसंस्कार पवनारलाच, धामच्या काठी झाले.