हुतूतूंतील संजीवनी

वसईचा किल्ला म्हटला कीं आपणांस १७३९ सालची चिमाजी अप्पांची मोहीम आठवते. शरीरसामर्थ्य म्हणजे रणांगणावरील पराक्रम, असा संस्कार त्या इतिहासानें आपल्या मनावर केला आहे. आखाड्यांतही बलवान पुढें येई आणि दुबळें मूल कडेला उभें राही. शाळेचें काम मात्र निराळें. तिला वर्गांतील प्रत्येक मूल मैदानावर आणावयाचें असतें.

मुंबई सरकारनें १९३७ सालीं शारीरिक शिक्षणाच्या विचारासाठीं समिति नेमली. तिचे अध्यक्ष स्वामी कुवलयानंद होते. त्यांनीं बडोद्यास माणिकरावांपाशीं व्यायामाचे धडे घेतले होते आणि अमळनेरास अध्यापन केलें होतें. म्हणजे आखाडा व वर्ग या दोहोंशीं त्यांचा परिचय होता. पुढील वर्षीं, १९३८ सालीं, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी संस्था कांदिवलीस निघाली. विरार-वसईहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच हें कांदिवली आहे. मैदानालाही शिकलेला शिक्षक लागतो, हें त्यामुळें मान्य झालें.

परंतु अशा शिक्षकानें शिकवावयाचें काय? शिटीवर हातपाय हलविणारें मूल आज्ञा पाळतें; त्याला खेळावेंसें वाटतें, असें मात्र म्हणतां येत नाहीं. ती इच्छा पुष्कळदां खेळाच्या नियमांतच दडलेली असते.

आपल्या हुतूतूचेंच पाहा. त्याच्या 'गामिनी' प्रकारांत बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसतो. साहजिकच जें मूल सर्वांत दुबळें, तें बहुधा आधीं बाद होतें आणि सर्वांत अधिक वेळ बसून राहतें. ज्याला सरावाची गरज अधिक, त्यालाच तो कमी मिळतो. 'संजीवनी' प्रकारांत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला कीं आपला एक उठतो. आणि जो आधीं बाद झाला, तोच आधीं उठतो. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत पोंचलेल्या कबड्डीनें हाच नियम स्वीकारलेला आहे.

येथें मूल दोन गोष्टी शिकतें. बाद झालों तरी डाव संपला नाहीं, ही एक. आणि आपलें उठणें सोबत्याच्या चढाईवर अवलंबून आहे, ही दुसरी. चढाई करणाऱ्यालाही कळतें कीं, आपण गुण मिळवितों तेव्हां कोणी तरी परत उभा राहतो. धीर आणि परस्परविश्वास यांवर व्याख्यान देण्याची मग गरज उरत नाहीं.

म्हणून आपल्या मुलांच्या शाळेंत किती चषक आले, हें विचारण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: खेळाच्या तासाला बाहेर बसलेलें मूल परत आंत केव्हां येतें?