संप्रेरके आणि वयोवस्था : माण व पुणे परिसर

संप्रेरके : अंतःस्रावी ग्रंथींत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत पोचणारी आणि त्यांचे काम ठरवणारी द्रव्ये. बोलण्यात हार्मोन्स. हा शब्द इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केला. घरोघरी मात्र ‘शुगर’, ‘थायरॉइड’ आणि ‘पीसीओडी’ हीच नावे ऐकू येतात. तिन्हींमागे संप्रेरकांचाच बिघाड असतो.

मधुमेहाची गोष्ट चाळिशीत सुरू होते हा समज पुणे जिल्ह्यातील खेड्यांनीच खोटा ठरवला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतील गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. मात्र या बारीक बाळांचे स्नायू जितके कमी होते, तितकी कातडीखालची चरबी कमी नव्हती. पुणे आणि लंडन येथील बाळांच्या तुलनेत पुण्याच्या बाळांच्या नाळेतील रक्तात इन्सुलिन जास्त आढळले (२००२). गरोदरपणी आईच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब१२ जीवनसत्त्व कमी असेल, तर सहाव्या वर्षी मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. हाडकुळ्या देहात चरबी लपते, हे सांगणारे हे काम प्रत्येक प्रसूतिगृहात माहीत असायला हवे.

गरोदरपणात वारेतील संप्रेरके आईच्या इन्सुलिनला विरोध करतात. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासतात. १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त भरली, तर तो गरोदरपणातील मधुमेह समजतात. बाळ जन्मल्यावर टाचेच्या थेंबभर रक्तात थायरॉइडची तपासणी होते. कमतरता असून उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर मेंदूची वाढ वाचते. इतक्या स्वस्त तपासणीला टाळाटाळ होऊ नये.

मुलींत आठ आणि मुलांत नऊ वर्षांच्या आधी वयात येण्याची लक्षणे दिसली, तर ती तपासून घ्यावीत. वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते. पीसीओडीत बऱ्याच मुलींच्या रक्तात इन्सुलिन वाढलेले असते आणि त्याने अंडाशयातून पुरुषी संप्रेरके जास्त तयार होतात. पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात.

मराठीत ‘पाळी’ कारखान्याचीही असते आणि बाईचीही, आणि दोन्हींचा संबंध खरोखरच आहे. मुळशी तालुक्यातील माण हे हिंजवडीला लागून असलेले गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा विस्तार त्याच्या हद्दीत आला आणि सोबत पाळ्यांचे कामही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचे कारखानेही पाळ्यांवरच चालतात. शरीराचे घड्याळ मात्र उजेडावर चालते : अंधारात झोपेचे संप्रेरक मेलाटोनिन वाढते, पहाटे जागे करणारे कॉर्टिसॉल. नाईटला मध्यरात्रीनंतर डबा उघडला, की तोच भात साखर दुपारपेक्षा जास्त चढवतो, कारण रात्री शरीर ग्लुकोज नीट हाताळत नाही. पाळ्या बदलत्या असलेल्या स्त्रियांत मासिक पाळी अनियमित होण्याचे प्रमाणही अधिक आढळते. म्हणून रुग्णाला ‘ड्यूटी कोणती?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

पाळी जाण्याचे वय भारतात सरासरी ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ५१. इस्ट्रोजेन घटल्यावर हाडे वेगाने ठिसूळ होतात. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर हळूहळू, वर्षाला एक टक्क्याच्या आसपास उतरते.

थायरॉइडची गोळी ‘सकाळी उपाशीपोटी’ घ्या, असे सांगतात. नाईट करून सकाळी घरी येणाऱ्याला हे कोडे पडते. यात महत्त्व पोट रिकामे असण्याला आहे : शेवटच्या खाण्यानंतर तीनेक तासांनी गोळी घ्यावी आणि पुढचा चहा-नाष्टा अर्धा ते एक तास थांबून. रोजची वेळ एकच ठरवावी आणि ती डॉक्टरांशी बोलून.